पालकमंत्री साहेब, युद्धाच्या दिवसात शांतता कमिटी पण बसवा

मा. पालकमंत्री साहेब, रत्नागिरी जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मागणं आधीच सांगते म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही. पुन्हा कधी युद्धाचे दिवस आले, येऊ नयेत पण आलेच, तर जिल्ह्यात ज्या दिवशी सायरन वाजेल त्याच दिवशी प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक बसली पाहिजे. आणि त्या कमिटीत नेहमीचे लोक असूदेत, पण त्यांच्यासोबत तांडेल म्हणजे बोटीचे प्रमुख, खलाशी, मच्छी विकणाऱ्या बायका, रिक्षावाले, किराणावाले पण पाहिजेत. एवढंच. आता हे का ते जरा लांबलचक होईल पण वाचा.

मी मिरकरवाड्याजवळ खानावळ चालवते. बंदरावरचे खलाशी, टेम्पोवाले, कॉलेजची पोरं, सगळे माझ्याकडे जेवतात. त्यामुळे शहरात काय बोललं जातं ते मला लवकर कळतं. २०२५च्या मे महिन्यात जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला आठवत असेलच. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली ६ होती. घराघरात राग होता, माझ्याही घरात होता, आणि तो असणारच. मग ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच दिवशी केंद्राने देशभर मॉक ड्रिल लावलं होतं, २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांच्या यादीत आपले रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही होते. ते बरोबरच होतं. इकडे जयगडचं बंदर आहे, दाभोळला गॅसचं टर्मिनल आहे, विमानतळावर कोस्ट गार्ड आहे, म्हणजे आपण काही कोपऱ्यात नाही. माझी आजी १९७१ला परळच्या चाळीत होती, खिडक्यांना काळे कागद लावून दिवे मालवून बसायची ती सांगायची. आमच्या पिढीने तसला सायरन ऐकलेलाच नाही त्यामुळे ड्रिल करायलाच पाहिजे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण ते चार दिवस शहर कसं होतं ते सांगते. मे म्हणजे आपल्याकडे सगळं एकदम येतं, आंब्याच्या पेट्या वाशीला जायच्या असतात, चाकरमानी आलेले, लग्नं, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद म्हणून बोटवाल्यांना मेमध्येच जे काय कमवायचं ते कमवून घ्यायचं असतं. त्यात हे. लोक किराणात तांदूळ-डाळ डबल न्यायला लागले. केंद्र सरकारने सांगितलं होतं की धान्याचा साठा भरपूर आहे, पण ते इथल्या दुकानात कोण येऊन सांगणार? बोटीवर जाणाऱ्याची बायको विचारायची, जाऊ देऊ का नको देऊ. ती विचारणार कुणाला, तर मला. आणि मला तरी काय माहीत.

आणि मोबाईल. साहेब, त्या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास मोबाईलने दिला असं मी ठामपणे म्हणते. सुरतेजवळच्या हजिरा बंदरावर हल्ला झाला म्हणून एक व्हिडिओ फिरत होता, धूर, आग, सगळं. पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, नंतर सांगितलं की तो व्हिडिओ ७ जुलै २०२१चा, तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा, या सगळ्याशी काही संबंध नाही. पण हे सांगेपर्यंत आमच्याकडच्या ग्रुपवर तो फिरून झाला होता आणि जेवायला आलेला पोरगा मला म्हणत होता, मावशी आता नंबर आपला. खुलासा कुणी फॉरवर्ड केला नाही. खुलासा कुणी करतच नाही फॉरवर्ड.

८ मेच्या रात्री तर टीव्हीवर कराची बंदर उडवलं असं चालू होतं. ते खोटं निघालं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. पण त्या रात्री आमच्या ओळखीतल्या एक आपा टीव्हीसमोर बसलेल्या, त्यांची सख्खी बहीण कराचीत लग्न होऊन गेलेली. कराचीत कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, फाळणीच्या आधीपासून आपल्याकडची माणसं तिकडे कामाधंद्याला जात होती, हे तुम्हालाही माहीत असेल. मुंबईतली पाकिस्तानची वकिलात आणि कराचीतली आपली, दोन्ही नव्वदच्या दशकात बंद झाल्या तेव्हापासून येणंजाणं तसंही अवघडच. तर आपांना बहीण जिवंत आहे का एवढंच विचारायचं होतं आणि फोन लावायची हिंमत होत नव्हती, शेजारी कुणी ऐकलं तर, कुणी नाव दिलं तर. सकाळी माझ्याकडे आल्या, कांदे चिरायला बसल्या, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. या बाईचा नवरा आयुष्यभर इथल्या समुद्रात गेला. तिने कुणाला सांगायचं की मला भीती वाटते? पोलीस ठाण्यात जाऊन सांगणार? शांतता कमिटीत ओळखीची एखादी बाई असती तर तिला सांगितलं असतं, मी खात्रीने सांगते.

दुसरी गोष्ट तर आपल्यापासून लांबची आहे पण मला ती विसरता येत नाही. पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी साधी माणसं मेली, त्यात हिंदू, शीख, मुसलमान सगळे होते. तिथल्या मदरशातले एक शिक्षक त्यातच गेले, आणि टीव्हीवर काही चॅनलनी त्यांनाच अतिरेकी म्हणून दाखवलं. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. विचार करा, घरात मयत, बाहेर गोळे पडतायत, आणि देशभर टीव्हीवर आपला माणूस दहशतवादी. आणि पहलगामला ज्या मुलीचा नवरा गेला, नौदलातला अधिकारी, लग्नाला आठवडा पण झाला नव्हता, तिने एवढंच म्हटलं की न्याय हवा पण म्हणून मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नका, तर तिलाच लोकांनी सोशल मीडियावर नको नको ते बोललं. जिचं सगळं गेलं ती शांत राहा सांगते आणि ज्यांचं काही गेलं नाही ते तिला शिव्या देतात. मी तेव्हापासून ठरवलं की तिचं ऐकायचं.

आता इथले खलाशी. आपल्या बोटींवर नेपाळी आहेत, यूपीचे आहेत, ओडिशाचे, कर्नाटकातले आहेत. बागा राखायला पण नेपाळीच. त्या दिवसांत कुणी अनोळखी दिसला की दहा प्रश्न. चौकशी पोलिसांनी जरूर करावी, पण नाक्यावर उभं राहून कुणीही कुणाचं आधार कार्ड मागायला लागलं तर कसं चालेल? माझ्याकडचा एक नेपाळी पोरगा दोन दिवस जेवायलाच आला नाही, मग मी डबा पाठवला.

साहेब, मला उलट काय वाटतं ते ऐका. आपल्या किनाऱ्याला सुरक्षेची खरी गरज आहे, मी काही भाबडी नाही. १९९३ला आरडीएक्स रायगडात शेखाडीला उतरलं. २००८ला कुबेर ट्रॉलर पळवून अतिरेकी मुंबईत घुसले. समुद्रात काय वेगळं चाललंय ते सगळ्यात आधी कुणाला दिसतं? तांडेलाला. मिरकरवाड्याच्या, राजिवड्याच्या, हर्णैच्या. सागरी सुरक्षेचा १०९३ नंबर तोच फिरवणार. पण ज्याला वाटतं की आपण फोन केला तर पहिली चौकशी आपलीच होईल, तो फोन करेल का? म्हणजे माणसांचा एकमेकांवर भरवसा टिकवणं हे पण सुरक्षेचंच काम झालं ना. १९६८चा नागरी संरक्षण कायदा आहे, त्याखाली जे काम चालतं त्यात जीव वाचवणं, मालमत्ता वाचवणं याच्या बरोबरीने लोकांचं मनोधैर्य टिकवणं पण लिहिलेलं आहे. मग त्या भागाचं ड्रिल कधी होणार?

कोणी म्हणेल कमिट्यांनी काय होतं. भिवंडी बघा. १९७० आणि १९८४ला भिवंडीत भयंकर दंगली झाल्या. नंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, पुढारी सोडून साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि वर्षभर बैठका चालू ठेवल्या. बाबरी पडल्यावर डिसेंबर ९२, जानेवारी ९३ला मुंबईत ९०० माणसं गेली आणि ज्या भिवंडीची सगळ्यांना धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. आपल्या कोकण विभागातलंच गाव आहे ते.

आणि आपल्या जिल्ह्यात पण बघा ना. राजापूरला शिमग्याचा माड, म्हणजे होळीसाठी आणलेलं झाडाचं लांब खोड, मशिदीच्या पायरीला लावून पुढे न्यायची किती जुनी पद्धत. २०२५च्या मार्चमध्ये तिथे घोषणाबाजी झाली, गुन्हा पण दाखल झाला, ते चुकीचंच होतं. पण व्हिडिओ देशभर असा फिरला की जणू मशिदीवर चाल करून गेले. माड काय, पायरी काय, हे माहीत नसलेल्या माणसांनी निकाल देऊन टाकला. ज्यांना माहीत होतं ती राजापूरची माणसं, दोन्हीकडची, त्यांना कोण विचारणार? अशा वेळी दोन्हीकडचे चार लोक तासाभरात एकत्र येऊन सांगतील की बाबांनो असं असं आहे, तर निम्मी आग तिथेच विझते.

आपल्याकडे शांतता कमिटी आहे, नाही असं नाही. गणपतीच्या आधी, ईदच्या आधी बैठका होतात. पण मेच्या त्या दिवसांत आमच्या भागात बैठक झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. गावागावात तंटामुक्ती समित्या आहेत, १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. आबांनी ती मोहीम सुरू केली होती, काही गावात त्या अजून चांगलं काम करतात, त्यांनाही यात घ्या. नवीन काही काढायला नको, पैसा पण फार लागणार नाही.

दोन देशांची सरकारं लढाईनंतरही एकमेकांशी काही कामं चालू ठेवतात हे बघून मला धीर येतो. २००८चा करार आहे, दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला भारत-पाकिस्तान एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या याद्या देतात. मेमध्ये क्षेपणास्त्रं सोडली आणि १ जुलै २०२५ला याद्या दिल्याच, त्यांच्याकडे आपले १९३ मच्छीमार होते, बहुतेक गुजरातचे, आणि गुजरातच्या बोटींवर आपल्या पालघरची पण पोरं जातात. त्यांच्या घरच्यांचा जीव त्या एका कागदावर असतो. दिल्ली-इस्लामाबादला हे जमतं तर रत्नागिरीत एका टेबलाभोवती बसायला आपल्याला का जमू नये.

म्हणून साहेब, जिल्हाधिकाऱ्यांना सांगून पुढच्या मॉक ड्रिलच्या कागदातच हे लिहून घ्या. सायरनची वेळ, रुग्णवाहिका, अग्निशमन, आणि त्याच्याखाली शांतता कमिटीची बैठक, किती वाजता, कुठे. खरी-खोटी बातमी विचारायला जिल्ह्याचा एकच नंबर असूदे आणि तो उचलणारा माणूस असूदे. बंदरावर लाऊडस्पीकरवरून दिवसातून दोनदा अधिकृत माहिती सांगा, मराठीत, हिंदीत, आणि जमलं तर नेपाळीत. देवळाच्या आणि मशिदीच्या स्पीकरवरून तीच माहिती, शब्दाला शब्द तीच. कमिटीत निम्म्या बायका घ्या, कारण घराघरातली भीती त्यांच्याकडे आधी येते. आणि ज्यांची नातीगोती सीमेपलीकडे आहेत त्यांनी फक्त खुशाली विचारली म्हणून कुणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची ते पण स्पष्ट सांगा.

पहिली बैठक युद्धाची वाट न बघता घ्या. जून-जुलैत नको, तेव्हा नेपाळी पोरं गावी गेलेली असतात. नारळी पौर्णिमा झाली की बोटी सुटतात, त्यानंतरच्या एखाद्या शुक्रवारी ठेवा, पण नमाजानंतर, म्हणजे संध्याकाळी, सकाळी लिलाव असतो त्यामुळे बायका येऊ शकणार नाहीत. ऑफिसात बोलावलं तर खलाशी येणार नाहीत, जेट्टीवरच घ्या. चहा-नाश्त्याचं मी बघते.

आपली,
मिरकरवाड्याजवळची खानावळवाली, रत्नागिरी