पंख्यावरचा वाद आणि शेवटच्या युनिटचा दर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजबिल आले की आमच्या घरात दोन दिवस अबोला असतो, हे लिहिताना संकोच वाटतो. पण शेजारणींशी बोलल्यावर असा अबोला घरोघरी असल्याचे कळले, म्हणून हे पत्र. माझे पती आणि मी, दोघेही सेवानिवृत्त. तीन जुने पंखे, फ्रिज, १५ लिटरचा गिझर, टीव्ही आणि मिक्सर एवढ्या संसाराला उन्हाळ्यात महिन्याला १३० युनिटांच्या आसपास वीज लागते. मी रोज मिक्सर लावते आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवायला विसरते म्हणून बिल फुगते, असे यांचे म्हणणे. हे पहाटे साडेपाचला गिझर लावून फिरायला जातात आणि आठला अंघोळ करतात, म्हणजे दोन हजार वॅटच्या हिशेबाने अडीच तासांत पाच युनिटे जातात, असे माझे म्हणणे.

अखेर मार्च महिन्यात आम्ही पंच नेमला तो दाराबाहेरच्या मीटरलाच. मीटरवरचा छोटा लाल दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते, हे त्याच्या तोंडावर छापलेले असते. आमच्या मीटरला ३२०० वेळा. फ्रिजसकट सगळे बंद करून आम्ही एकेक उपकरण लावत गेलो, हे घड्याळ धरून उभे आणि मी मोजायला. जुना पंखा लावला की दिवा साधारण दर १५ सेकंदांनी लुकलुके, म्हणजे ७५ वॅट. गिझरला तो मिनिटाला शंभराच्या वर गेला आणि माझी मोजणी दोनदा चुकली. ज्या मिक्सरवरून इतकी वर्षे ऐकून घेतले, त्याने पाच मिनिटांच्या वाटणाला जेमतेम २०० वेळा लुकलुकवले, म्हणजे युनिटचा सोळावा हिस्सा! आवाज मोठा म्हणून खर्चही मोठा, एवढाच तो आरोप होता. स्वयंपाकघरातला ९ वॅटचा दिवा तर एक युनिट जाळायला १११ तास घेतो.

माझाही दावा टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पाणी तापले की गिझर आपोआप बंद होतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.७ युनिट लागते आणि ते काम वीस-बावीस मिनिटांत उरकते; पुढे ऊब टिकवण्यासाठी तो मधेच तीन-चार मिनिटे पुन्हा लागला, इतकेच. माझी पाच युनिटे एकाच्या आत आली. गिझर किती वेळ चालू होता यापेक्षा त्यातले किती गरम पाणी वापरले, यावर खर्च ठरतो, हे मला त्या दिवशी कळले.

खरा चोर निघाला तो डोक्यावर फिरणारा पंखा, ज्यावरून आम्ही ‘चालू ठेवला, बंद केला’ असे भांडत होतो. तो ७५ वॅटचा आहे, याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. सध्याच्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरच्या, पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज पुरते. तीन पंखे रोज दहा-दहा तास फिरले, तर महिन्याला चाळीस युनिटे वाचतात. पण एका पंख्याला तीनेक हजार रुपये मोजायचे, या विचाराने हे अडून बसले होते. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून येणाऱ्या दराने पैसे कधी वसूल होणार, असा त्यांचा प्रश्न होता.

इथेच हिशेब चुकतो, आणि केवळ आमच्या घरात नव्हे. घरगुती विजेचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंतचा, दुसरा १०१ ते ३०० चा, आणि दुसऱ्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट. त्यावर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून वजा होते, सरासरी दरातून नाही. आमच्या चाळीसांपैकी तीस युनिटे महाग टप्प्यातली होती आणि उन्हाळ्यातल्या महिन्याची बचत चारशे रुपयांच्या वर गेली. हे आकडे कागदावर मांडल्यावर दोन पंखे आले. तिसरा दिवाळीला घेऊ, असे यांनी सांगितले आहे.

यासाठी वीज वितरण कंपन्यांना आणि वीज नियामक आयोगाला एक विनंती करावीशी वाटते. बिलावर टप्पानिहाय तक्ता असतो, परंतु वहन आकार, इंधन समायोजन आकार, स्थिर आकार अशा शब्दांच्या गर्दीतून ‘मी एक युनिट कमी वापरले असते तर किती रुपये वाचले असते’ याचे उत्तर शोधणे पदवीधरालाही जमत नाही. सर्व आकारांसह शेवटच्या युनिटचा दर, ठळक अक्षरांत, देय रकमेच्या शेजारी छापावा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही; बिल तयार करताना हा आकडा संगणकात असतोच.

टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचे बटण रात्री बंद करावे की नाही, हा आमचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. दहा वॅटने वर्षभर अखंड चालू राहिला तर तो ८७ युनिटे खातो, असे मी दाखवून दिले आहे. सकाळी बातम्या लागायला वेळ लागतो, असे यांचे उत्तर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा