सोलापूरच्या पूर्व भागातल्या अण्णांना, उघड पत्र

आदरणीय अण्णा,

तुम्हाला फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ऱ्हाऊ द्या की अक्का" म्हणून विषय बदलता आणि यंदा ऊन किती आहे यावर बोलत बसता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर ज्यांनी ज्यांनी हाताळला त्यांची आठवण आधी काढते, कारण त्याशिवाय तुमचं मोल कुणाला कळणार नाही. नवं कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवलेली डबी, विकणाऱ्या दुकानदाराने ती धरणारा आर्म, म्हणजे दांडा, कोणता आहे हे एकदाही विचारलं नाही. महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, एवढीच त्याची विद्या. पैसे मी मोजत होते आणि तो समजावत होता माझ्या भाच्याला. भाच्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो पुरुष होता ना. घरी आल्यावर रेकॉर्ड जरा वाकडी असली की पिन उडायची, खोलीत कुणी चाललं तरी उडायची आणि स्पीकरचा मोठा पडदा आवाज नसतानाही आतबाहेर धापा टाकायचा. मग आणखी एक जाणकार घरी आले. त्यांनी हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या कार्ट्रिज धरणाऱ्या टोकावर, नाणं चिकटवलं आणि "आता हलणार नाही" म्हणून चहा पिऊन गेले. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एलपीवर ते नाणं घेऊन फिरणारी पिन बघताना माझ्या जिवाचं पाणी झालं. "अहो, त्याने रेकॉर्ड घासेल," म्हटलं, तर "वहिनी, हे टेक्निकल आहे."

तुम्ही आयुष्यभर यंत्रमागांवर जॉबर, माग चालते ठेवणारे. धोटा का अडकतो ते कानाने ओळखणारा माणूस. तुम्ही प्लेअरला हातही न लावता पहिलं काय म्हणालात, आठवतं? "घरातली सगळ्यात वाकडी रेकॉर्ड आणा." बाकीचे सगळे स्वतःची चकचकीत रेकॉर्ड पिशवीतून घेऊन यायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यातून गेलेल्या रेकॉर्डी सरळ कुठून असणार? मी आणलेली तबकडी फिरताना तुम्ही आर्मकडे नुसतं बघत राहिलात आणि मग नाणं नखाने उचकटून माझ्या हातावर ठेवलंत.

पण मला जे विसरता येत नाही ते त्यानंतरचं. तुम्ही खिशातून कागद काढलात, कॅल्क्युलेटर मागितलात, मी आणून दिला, आणि तुम्ही तो परत माझ्याकडे सरकवलात. "हिशोब तुमीच करा अक्का. मशीन तुमचं हाय."

एवढंच. एका वाक्याने माझ्याच घरातली माझी वस्तू मला परत मिळाली.

मग तुम्ही सांगत गेलात आणि मी बटणं दाबत गेले. आर्मचं प्रभावी वजन, म्हणजे हलताना पिनेला जाणवणारं, 20 ग्रॅम. हे वजन काट्यावर दिसत नाही, कंपनीच्या पुस्तिकेत असतं, आणि ती जुनी पुस्तिका वडिलांनी जपून ठेवली होती. कार्ट्रिज 6 ग्रॅम, स्क्रूंचा 1. झाले 27. पिनेची लवचीकता, म्हणजे मऊपणाचा कागदावरचा आकडा, 30. गुणाकार 810, त्याचं वर्गमूळ साधारण साडेअठ्ठावीस, आणि 159 या सूत्रातल्या ठरलेल्या आकड्याला त्याने भागायचं. उत्तर आलं साडेपाच हर्ट्झच्या जरासं वर, म्हणजे आर्म स्वतःहून सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरतो. "हे आठ ते बाराच्या मधी पायजे," तुम्ही म्हणालात. रेकॉर्डचा वाकडेपणा आणि पायांचे हादरे पाच-सहाच्या आतबाहेर असतात, गाणं वीसच्या वर सुरू होतं, आणि आर्मची स्वतःची थरथर या दोघांना न शिवता मधल्या मोकळ्या जागेत राहायला हवी. माझी बरोबर हादऱ्यांच्या घरात जाऊन बसली होती. जड आर्मला मऊ पिन दिली की हे होणारच, आणि वर ठेवलेलं नाणं वजन वाढवून ते आणखी खाली ढकलत होतं. इतके दिवस कुणी हे सांगितलं नव्हतं. त्यांना येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एखाद्याला येतही असेल, पण बाईमाणसाला सांगून काय उपयोग, असं वाटलं असणार.

पुढची अदलाबदल लोकांना खोटी वाटेल. "माझा आर्म हलका हाय, तुमची मऊ पिन माझ्याकडं नांदंल, माझी ताठ तुमच्याकडं." तुमच्या कार्ट्रिजच्या कागदावर लवचीकता 7 छापलेली होती. मी लगेच 7 घालायला निघाले, तर तुम्ही थांबवलंत: हा जपानी आकडा 100 हर्ट्झवर मोजलेला, आपल्याला 10 च्या आसपासचा हवा, दीडपट ते दुप्पट वाढवून धरायचा. आपण 12 धरले. वजन 7, आर्म आणि स्क्रू धरून एकूण 28. उत्तर पावणेनऊच्या जरा आत. माझं कार्ट्रिज महागाचं म्हणून वरचे पैसे तुम्ही तिथेच मोजून दिलेत, मी नको म्हणत असताना. बसवण्याचं नाजूक काम तुम्ही कसं केलंत ते इथे लिहीत नाही, ते बघण्यासारखं होतं, सांगण्यासारखं नाही.

आता तीच वाकडी रेकॉर्ड लागते. आर्म लाटेबरोबर संथ वरखाली होतो, पडदा गप्प असतो.

काढलेला जुना वॉशर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून "बघा, हा झिजला होता" म्हणणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत, नाही असं नाही. पंप दुरुस्त करणारा एक आहे, शिलाई मशीनवाला एक होता. त्यांच्या दारावर पाटी नसते आणि पाटीवाल्यांना ते माहीत नसतात. मला तुमचा पत्ता मिळाला तोही शेंगाचटणी घ्यायला गेले असताना, ओळीत उभ्या असलेल्या एका बाईंकडून.

एक विचारायचं राहिलं. काल सहज तुमचा हिशोब मांडून पाहिला. तुमचा आर्म साडेसहा ग्रॅमचा म्हणाला होतात. त्यात माझं 6 आणि स्क्रूंचा 1, म्हणजे साडेतेरा. गुणिले 30, म्हणजे 405. उत्तर 7.9 येतं, आठाच्या आत. तुम्ही हे त्या दिवशीच मनात करून बसला होतात का? वाकड्या रेकॉर्डवर तुमच्याकडे ते नीट चालतंय ना, ते कळवा. उनाचं नंतर बोलू.

तुमची,
साखर पेठेतली अक्का