अकारा खाली का बसला

लागोस, नायजेरिया, रविवार

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो पाहिला. कढईतल्या त्या चपट्या चकत्या म्हणजे अकारा, इथले चवळीचे वडे, हे तू खाली लिहिलंस म्हणून कळलं. बाबा म्हणाले, "थालीपीठ छान जमलंय पोराला." फोनवर तू चिडलास, म्हणून बैजवार लिहितेय.

चवळी पुण्यात मिळते तीच घे, पांढरी, काळ्या डोळ्याची. पण सालं काढली होतीस का? नसणारच. दहा-पंधरा मिनिटं भिजव आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळ. भरपूर पाणी घातलंस की सालं वर येतात, ती ओतून दे. परत चोळ. माझं सहा-सात वेळा पाणी बदलून होतं. काळा डोळा सालाबरोबरच निघतो, त्यामुळे एखादा दाणा अजून तुझ्याकडे बघत असेल तर तो सोलायचा राहिलाय. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावून बस. मग ती पांढरी डाळ दोनेक तास भिजू दे.

तुझं बिनसलं ते वाटताना. एक वाटी चवळीला चार-पाच चमचे पाणी, बस्स. मिक्सर अडला तर बंद कर, चमच्याने खालवर कर, पण पाणी ओतू नकोस. अर्धा कांदा आणि मिरची त्यातच वाट. अता-रोडो, ती इथली जहाल, वासाची मिरची, तिकडे मिळायची नाही. साधी ताजी लाल मिरची चालेल. तिखट होईल, तो वास मात्र येणार नाही.

आणि फेसलंस किती? आपल्या कोपऱ्यावर अकारे तळून विकणारी इया अलाकारा आठव. शनिवारी आपण जायचो तेव्हा पातेलं मांडीशी धरून ती लाकडी डावाने पीठ फेसत असायची. गिऱ्हाइकांशी बोलणं चालू, पण हात थांबायचा नाही. करड्या रंगाचं पीठ बघता बघता पांढरं व्हायचं, फुगून पातेल्याच्या काठाला यायचं. तू दहा मिनिटं तरी फेस. थेंब पाण्यात टाकून बघ, तरंगला की झालं. उडदाच्या वड्यांना आजी हेच करते. मीठ अगदी तळायच्या वेळी घाल. आधी घातलंस तर कांद्याला पाणी सुटतं आणि पीठ सैल पडतं.

सोडा नको, बेसन नको. इथे आले त्या वर्षी मी जिरं, हिंग, कोथिंबीर, वर मूठभर बेसन असं सगळं घालून अकारे केले आणि मोठ्या ऐटीत शेजारच्या बाईंना नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला, छान आहे म्हणाल्या आणि विचारलं, "पण ह्याला म्हणतात काय?" तेव्हापासून अकाऱ्याच्या दिवशी जिऱ्याला मी हात लावत नाही.

तेल कढईत बोटभर तरी हवं. लाल पामतेल तिकडे शोधत बसू नकोस, शेंगदाण्याचं घे. इथेही पुष्कळ जण साध्याच तेलात तळतात. पामतेलाचा हट्ट खरा ब्राझीलमधल्या बाहियात. इथल्या योरुबा लोकांना गुलाम करून तिकडे नेलं, त्यांच्याबरोबर अकाराही गेला. तिथे त्याला अकाराजे म्हणतात, योरुबात 'जे' म्हणजे खाणं. तो मधे चिरून आत सुकी कोळंबी भरतात. पांढऱ्या झग्यातल्या बाया रस्त्यावर विकतात, आणि त्यांच्या ह्या कामाची 2005 साली ब्राझील सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. बाबांच्या ऑफिसात आलेले एक ब्राझीलचे गृहस्थ अकारा मूळ आमचाच म्हणून वाद घालत होते. इथल्या मंडळींनी त्यांना बोलूच दिलं नाही!

पळीने पीठ अलगद सोड, आच मध्यम ठेव, आणि एका वेळी पाच-सहाच टाक. गर्दी केलीस की तेल थंड पडतं. सोबतीला ओगी, म्हणजे मक्याची आंबट पेज, करायच्या भानगडीत पडू नकोस. मका भिजवून, आंबवून, गाळून, आपल्या आंबिलीपेक्षा वेळखाऊ आहे. इथल्या मऊ अगेगे ब्रेडऐवजी लादीपावात घालून खा.

काल इया अलाकाराकडे गेले होते. तुझी चौकशी केली. वीस घेतले, तर वर दोन जारा म्हणून घातले. आपली भाजीवाली फुकट कढीपत्ता घालते तसा, तू असताना तुझा हक्काचा जारा असायचा ना, तेच. "हे मुलाचे," म्हणाली. घरी येईपर्यंत बाबांनी गाडीतच खाल्ले.

तुझी,
आई