नवी लादी निवडण्याआधी खालची जमीन तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घर सजावटीच्या पानांवर फ्लोरिंगबद्दल बरंच छापून येतं, फोटो सुंदर असतात, कुठला रंग, कुठली डिझाइन, मोठ्या लाद्यांनी खोली कशी मोठी दिसते वगैरे. पण जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी खरी गोष्ट लादीच्या खाली असते आणि त्याबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र. आमचं घर 40 वर्षांपेक्षा जुनं, एक मजली, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही खालचा हॉल आणि पॅसेज नवा केला तेव्हा जी चूक झाली ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये असं मनापासून वाटतं.

झालं असं की जुनी फरशी फोडायची धूळ आणि कटकट नको म्हणून ठेकेदार म्हणाला वरूनच करू, आम्ही हो म्हटलं. त्याने जुन्या फरशीवर सिमेंट-वाळूचा 2 इंचांचा थर टाकला आणि त्यावर लादी, म्हणजे जमीन जवळपास सव्वादोन इंच वर आली. दरवाजे घासायला लागले ते खालून कापून घेतले, तेवढ्यावर निभावलं असं वाटलं. पण जिन्याचा विचार कोणीच केला नव्हता. सगळ्या पायऱ्या 7 इंचांच्या आणि शेवटची एकदम पावणेपाचची झाली. आई 30 वर्षं त्याच जिन्यावरून अंधारातसुद्धा उतरायची, पायाला सवय 7 इंचांची, आणि जमीन अपेक्षेपेक्षा आधीच लागली. तोल गेला, मनगट मोडलं. ते दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाहीये. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की लादी बघायला जायच्या आधी टेप घेऊन घरभर फिरा, प्रत्येक उंबरा, दरवाजाखालची फट, जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी, बाथरूमचा उतार आणि गॅलरीची पातळी कागदावर लिहा, आणि नवीन जमीन किती वर येणार हा आकडा ठेकेदाराकडून लिहून घ्या. तोंडी नको.

दुसरी गोष्ट वजनाची, जी वरच्या मजल्यावर फार महत्त्वाची. 2 इंचांचा सिमेंटचा थर एका चौरस मीटरला साधारण 100 किलो भरतो, लादीचे आणखी वीसेक किलो. 10 बाय 12 फुटांच्या साध्या खोलीत हे सव्वा टनाच्या वर जातं आणि ते जुन्या स्लॅबवर कायमचं बसतं. जुनी फरशी आणि तिच्या खालचा थर काढून तेवढंच परत टाकलं तर हिशोब बराचसा जुळतो, पण वर चढवत गेलं तर सगळं वजन वाढीवच. जुनी फरशी घट्ट असेल तर टाइल अ‍ॅडहेसिव्हने लादीवर लादी लावता येते, त्यात काही मिलिमीटरचाच थर लागतो म्हणून वजन आणि उंची दोन्ही कमी. पण आधी लाकडी दांडक्याने सगळी फरशी ठोकून बघायची, पोकळ आवाज आला की ती लादी काढायचीच, आणि पॉलिश, तेलकटपणा घासून काढायचा. आणि स्लॅबला तडे असतील, सळ्या दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, यात ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका.

मग ओल. जुन्या घरांच्या तळमजल्याखाली बहुतेक वेळा ओल अडवणारा प्लास्टिकचा थर नसतो, जमिनीतलं पाणी वर चढतं, सांध्यांतून पांढरा क्षार फुटतो. अशा जागी लाकूड किंवा लॅमिनेट टाकलं की ते फुगतं आणि दोष मात्र मालाला लागतो. तपासायची पद्धत सोपी आहे, दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करायच्या आणि एक पूर्ण दिवस थांबायचं, खालून पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट पडली तर आधी ओलीचा बंदोबस्त. नवीन सिमेंटचा थर असेल तर तोही सुकू द्यावा लागतो, ढोबळ हिशोब दिवसाला 1 मिलिमीटर, म्हणजे 2 इंचांना दीड-दोन महिने. लाकडी फ्लोरिंगवाले इथेच घाई करतात.

फोडकाम करणार असाल तर धुळीला हलकं घेऊ नका. सिमेंट आणि लादी कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते, तिच्यामुळे कॅन्सरही होऊ शकतो. कटिंग पाणी सोडून करायचं आणि कामगारांना चांगले मास्क द्यायचे, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. ती माणसं रोज हेच काम करतात हो, आपल्या घरी तरी त्यांची काळजी घेऊया. आणि खूप जुन्या व्हिनाइल टाइल्स असतील, विशेषतः 9 इंचांच्या, तर त्यांच्यात आणि खालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून आत गेले तर घातक ठरणारे बारीक तंतू) असू शकतं, तपासल्याशिवाय त्या फोडायच्या नाहीत.

माल घेताना मोजमापापेक्षा 10 टक्के जास्त, तिरकी लादी लावणार असाल तर 15, आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे, एवढं पाळलं की पुरतं. एक बॉक्स जपून ठेवा, पुढे पाइप फुटला तर तीच लादी परत मिळत नाही.

तुमच्या पेपरने एखादा आठवडा या खालच्या जमिनीवर द्यावा, इंजिनियर आणि अनुभवी लादी मिस्त्री दोघांनाही बोलतं करावं ही विनंती. आम्ही यंदा मागची खोली करतोय. पातळ्या लिहून झाल्यात, जिन्याच्या सगळ्या पायऱ्या पण याच कामात एकसारख्या उंचीच्या करून घेतोय, आणि काल रात्री मागच्या खोलीत चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकं चिकटवून ठेवलीयेत. आज रात्री उघडून बघू, तोवर लादी बघायला जायचं नाही असं घरात ठरलंय.

आपली,
एक नियमित वाचक