तुला कळलं नाही कसं, असं विचारलं होतं मी

प्रिय बाळ्या,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, रागाव. तब्येत बरी, गुडघा तेवढा कुरकुरतो.

मंगळवारी चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि पडदा बराच वेळ पाहिला. "शुगर किती वर्षं?" म्हटलं, अकरा. दोन्ही डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके निघाले. अरे, मला पेपरातलं बारीक टाइपही स्वच्छ दिसतं! मधल्या भागाला सूज नाही, म्हणून लेसर, इंजेक्शन सध्या नको. पण लगेच त्यांनी विचारलं, "लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंत?"

कधीच नाही. किडनीसाठी दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनिन करायचो, नॉर्मल आलं की फाईल कपाटात. ते वाढतं तोवर किडनीचं बरंच काम गेलेलं असतं, हे मला अकराव्या वर्षी कळलं. साखर आणि बीपी पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नासवतात, तशाच किडनीतल्या चाळण्याही. तिकडे रक्त झिरपतं, इकडे लघवीत प्रोटीन, म्हणजे हेच अल्ब्युमिन. माझं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण २१२ आलं. ३०च्या आत हवं. एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत, तीन महिन्यांत पुन्हा करायची आहे. पण डोळ्यांनी आधीच साक्ष दिली आहे रे.

रिपोर्ट हातात आला आणि मला डायलिसिसबाहेरचा तो बाक आठवला. काकू आत होत्या. मी तुला म्हणालो होतो, "एका घरात राहून तुला कळलं नाही कसं?" तू उठून गेलास तो माझी चप्पल घालून, आणि दोन वर्षं ना तू आलास ना चप्पल. बाळ्या, मी स्वतःच्या अंगात राहून मला कळलं नाही. दुखत नाही, सुजत नाही, लघवी नेहमीसारखीच होते. काकूंनाही काही जाणवलं नसणार, मग तुला कुठून दिसणार होतं? ते वाक्य मी परत घेतो. काकू असताना घ्यायला हवं होतं.

बीपीची गोळी बदलली, ती किडनीही राखते म्हणे. शिवाय लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी एक नवी. गुडघ्यासाठी मनानेच घ्यायचो त्या दुखण्याच्या गोळ्या बंद. त्यांनीही किडनीला मार बसतो. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात १९९८ साली दिसलं, साखर काटेकोर ठेवली तर बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास पाव हिश्श्याने कमी होतो. तो पाव हिस्सा मी धरून बसलोय. रात्री मात्र एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ बघतो, मग दुसरा.

धाकटीचं जमलं का? घराचं काम संपलं? वहिनींना नमस्कार सांग.

तुझी शुगर निघून चार वर्षं झाली ना? आपल्या टाइप टू प्रकारात ही तपासणी पहिल्याच दिवशी करायची असते, कारण कळण्याआधी शुगर किती वर्षं अंगात असते कोण जाणे. डोळ्यांत थेंब घालून पडदा बघून घे आणि लघवी दे. परतताना गाडी चालवू नकोस, तासन्‌तास धूसर दिसतं. आकडा मला कळव. चप्पल राहू दे तुझ्याकडे.

तुझा,
पम्या