खुले पत्र : बर्फाचा डबा रिकामाच परत आला

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इंजेक्शन थंड ठेवण्यासाठी बर्फाच्या पिशव्यांचा डबा मांडीवर घेऊन मी धायरीहून बसने एका सरकारी रुग्णालयात गेलो. महिनाभरापूर्वी एका आरोग्य शिबिरात व्यासपीठावरून सांगण्यात आले होते की, संधिवाताच्या रुग्णांना बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधांची) इंजेक्शने तेथे मोफत मिळतील. साडेतीन तासांनी माझा क्रमांक लागला, तेव्हा औषधाच्या खिडकीवरील गृहस्थांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, 'हे आमच्याकडे कधी आलेलेच नाही' असे म्हणून ती परत सरकवली आणि मागच्याला हाक मारली. बर्फ तोवर निम्मा वितळला होता. डब्यात खराब होण्यासारखे काही नव्हते, एवढेच नशीब.

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात आहे. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच कण्यावर उलटते, सूज येत राहते आणि काही रुग्णांचे मणके हळूहळू एकमेकांना सांधले जातात. मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. मान वळत नसल्यामुळे लक्ष्मी रस्ता ओलांडताना मला सगळे अंग वळवून गाड्या पाहाव्या लागतात. दुचाकीस्वारांना मी मुद्दाम ताठ उभा आहे असे वाटते आणि ते पुण्याला साजेसे बोलून जातात. इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी अंथरुणातून उठून सरळ उभे राहायला मला दीड तास लागे आणि पायमोजे पत्नी चढवून देई. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी रडलोही आहे. मंत्र्यांना कळवण्याची ही गोष्ट नव्हे, पण लिहिली गेलीच आहे, तर राहू द्या.

हे औषध म्हणजे अडॅलिमुमॅब. ते 40 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, कायम 2 ते 8 अंश तापमानात सांभाळून पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायचे असते. मला एक सिरिंज 9,200 रुपयांना पडते. वर्षाच्या 26 सिरिंजचे 2,39,200 रुपये होतात. हिशेब हवा तर तपासून घ्यावा. भारतीय कंपनीने 2014 मध्ये याचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिक औषधाशी मिळतेजुळते औषध, बाजारात आणले, म्हणून ही 'स्वस्ताई' आहे म्हणे! 2025 मध्ये औषधांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा अभिनंदनाचे फलक चौकाचौकांत लागले; त्या फलकांखालून मी सिरिंज दोनऐवजी चार आठवड्यांनी टोचत हिंडत होतो. असे खंड पडले की शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते आणि मग तेच औषध लागू पडेनासे होते, असे डॉक्टरांनी रागावून सांगितले. त्यांचे बरोबरच आहे. पण पैसे त्यांच्याकडे मागायचे की आपल्याकडे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, त्याचे मी स्वागतच केले होते. परंतु या योजनेचा साचा रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसासाठी आहे. घरी बसून पंधरवड्याला एक सुई टोचून कामावर जाणारा माणूस तिच्या नजरेस पडत नाही. माझ्या खासगी विमा कंपनीचे म्हणणेही तेच, की आपण 24 तास दाखल नव्हता, सबब दावा नामंजूर. म्हणजे मी चालता-फिरता राहिलो हाच माझा गुन्हा. कणा पुरता गोठून खाटेला खिळलो की सर्वांची सहानुभूती, पॅकेज आणि फुलांचा गुच्छ तयार.

हे औषध कोणालाही सरसकट वाटावे, असे मी म्हणत नाही. ते शरीरात सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या घटकाला रोखते, त्यामुळे शरीरात दडून असलेला क्षयरोग उसळू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करावीच लागते. मी दोन्ही स्वखर्चाने केल्या आहेत. मागणी इतकीच आहे की, बाह्यरुग्ण विभागातील तज्ज्ञाने लिहून दिलेली बायोलॉजिक औषधे योजनेत घ्यावीत आणि त्यांचा पुरवठा जिल्हा रुग्णालयांतील शीतकपाटांत ठेवावा. लस सांभाळणारी शीतसाखळी गावोगावी आहे, मग सिरिंजसाठीच फ्रीज का मिळू नये? या राज्यात उद्घाटनाला फीत मिळते आणि औषधाला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष मिळत नाही, हे वर्षानुवर्षे कोणत्याही पक्षाच्या राजवटीत बदललेले मी पाहिलेले नाही.

माझा डोस आठ दिवस उलटून गेला आहे. येत्या सोमवारी मी पुन्हा त्याच खिडकीवर जाईन. औषध येणारच नसेल, तर तशी पाटी तेथे लावण्याचे आदेश द्यावेत, म्हणजे निदान रजा वाचेल.

आपला,
धायरी, पुणे येथील एक रुग्ण