9.2 कोटी नोकऱ्या आणि माझा हप्ता

बडोदा, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही 9.2 कोटींचा आकडा इतक्या जोरात सांगितलात की ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. 2030पर्यंत जगभरात एवढ्या नोकऱ्या जाणार, तेव्हा मांजलपूरच्या फ्लॅटसाठी कर्ज काढू नकोस, असं तुमचं म्हणणं. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा 2025चा अहवाल आहे तो. त्यातच 17 कोटी नव्या नोकऱ्या येतील असंही लिहिलंय. वजाबाकी केली की उलट 7.8 कोटी वाढतात. तुम्हाला मेसेज पाठवणाऱ्याने नेमकं तेवढंच गाळलं.

शिवाय हे सगळं हजारावर कंपन्यांना विचारून बांधलेले अंदाज. पंचांगात पाऊस लिहिला म्हणून कुणी घरातून छत्री उघडून निघत नाही.

तरी तुमची काळजी अगदीच हसण्यावारी नेत नाही. कमी होणाऱ्यांच्या यादीत कॅशियर आहेत, बँकेतले कारकून आहेत आणि हिशेबनीसही. म्हणजे आधी तुम्ही, मग मी! पण तुमच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा लेजरं गेली, तुम्ही कर्जविभागात गेलात. मीही मकरपुऱ्याच्या ऑफिसात नुसती व्हाउचरं चढवत बसलेली नाही, जीएसटीचं काम आता माझ्याकडेच आहे.

आणि दादाच्या मिहीरला 'बिग डेटाच शीक, तिथे सगळ्यात वेगाने वाढ' असं सांगितलंत म्हणे, म्हणजे माहितीचे प्रचंड साठे चाळायचं काम. वेगाने म्हणजे टक्क्यांत हो! 10 जणांचे 20 झाले की 100 टक्के वाढ. 1,000चे 1,100 झाले तर 10च टक्के, पण माणसं 100 लागली. आकड्याने सर्वांत जास्त वाढ त्या अहवालात शेतमजुरांची आहे, डिलिव्हरीवालेही वरच आहेत. त्याचा मेसेज कुणी पाठवला नाही.

आता माझा हिशोब. कर्ज 30 लाख, व्याज साडेआठ टक्के. 20 वर्षांसाठी हप्ता 26,035 रुपये, एकूण फेड जवळपास साडेबासष्ट लाख. 15 वर्षांसाठी हप्ता 29,542, फेड सुमारे 53 लाख. महिना साडेतीन हजार जास्त भरून नऊ लाखांवर वाचतात. बँकेतला माणूस 20 वर्षांचंच गाणं गात होता, कारण हप्ता लहान दिसतो. मी 15 धरलीत, पण सहा हप्ते, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर, आधी एफडीत टाकून मगच सही करणार. नोकरी गेलीच तर तेवढ्यात दुसरी शोधता येईल. एफडीचं तुम्हीच शिकवलंत, आता विसरल्यासारखं करू नका.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बडोद्याला येणार आहातच, तर दोन दिवस जास्त राहा, फ्लॅट बघून जा. दांडिया बाजारचं घर झाडून ठेवते. आई, फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळी पोळ्या करताना ऊन थेट डोळ्यांत येतं. तुला आवडणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
ताई